साधे व सुबक परिचयपत्रक
(सावदा केंद्राच्या शिक्षण परिषदेपुढील भाषण)



प्राथमिक शाळा सोडून गेलेला विद्यार्थी दहा-बारा वर्षांनी पुन्हा एकदा शाळेच्या दाराशी येतो. बहुधा त्याला दाखल्याची प्रत हवी असते किंवा नावातील एखाद्या अक्षराची दुरुस्ती करून घ्यावयाची असते. अलीकडे या जुन्या कामांच्या जोडीला तो आणखी एक विनंती करू लागला आहे. "सर, बायोडाटा केला आहे, जरा पाहून द्या," असे म्हणून तो संगणकाच्या दुकानातून करून आणलेला एक कागद पुढे ठेवतो. त्या कागदाचा विचार हाच आजच्या भाषणाचा विषय होय. परिपत्रकांत या कामाचा उल्लेख सापडणार नाही. परंतु गावात लिहिण्यावाचण्याच्या बाबतीत ज्याच्या शब्दाला मान आहे असा माणूस अजूनही शिक्षकच असल्यामुळे हे काम त्याच्याकडे आपोआप आले आहे.

'बायोडाटा' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी रूढ आहे, आणि पुष्कळशा घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. खानदेशात हा शब्द प्रथम कानावर पडतो तो लग्नाच्या संदर्भात. वर श्रीगणेशाचे चित्र, खाली मुलाचे अथवा मुलीचे नाव, जन्मवेळ, रास, उंची, वर्ण, वडिलांचा व्यवसाय, बागायत किती, भाऊ-बहिणी किती, मामांचे गाव व कूळ आणि शेवटी अपेक्षा, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. आपल्या जागी तो योग्यच आहे. कारण तेथे एक कुटुंब दुसऱ्या कुटुंबाला आपला परिचय करून देत असते. परंतु दुकानातील संगणकावर हाच साचा तयार असतो, आणि नोकरीसाठी कागद हवा म्हटले की त्यातले गणेशाचे चित्र व रास तेवढी काढून बाकीचा साचा तसाच ठेवला जातो. मग धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा धंदा आणि भावंडांची संख्या यांनी अर्धे पान भरते. खाली "वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे" असे प्रतिज्ञेचे वाक्य असते. मधल्या जागेत दहावी, बारावी व पदवी यांचे गुण एका कोष्टकात आणि त्याखाली एम.एस.-सी.आय.टी. उत्तीर्ण अशी नोंद. हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात २००१ पासून सुरू आहे. तो केलेला नाही असा तरुण आता विरळाच. तेव्हा ज्याच्या हाती हा कागद पडावयाचा, त्या कामावर ठेवणाऱ्या गृहस्थाला उमेदवाराच्या मामांविषयी थोडी कमी व उमेदवाराविषयी जवळजवळ काहीच माहिती मिळत नाही. हा मुलगा काय करू शकतो, हा त्याचा एकच प्रश्न असतो, आणि नेमके त्याचेच उत्तर कागदावर नसते.

या भाषणात अशा कागदास परिचयपत्रक म्हटले आहे. इंग्रजीत त्याला जे लॅटिन नाव आहे त्याचा अर्थ 'आयुष्याचा क्रम' असा होतो. पण नाव जितके भारदस्त तितके काम मोठे नाही. संपूर्ण आयुष्य एका पानावर मावत नाही आणि ते कोणी मागितलेलेही नसते. या प्रकारातील जुन्यात जुना प्रसिद्ध नमुना म्हणून इटलीतील चित्रकार लिओनार्दो दा व्हिंची याच्या पत्राचा उल्लेख नेहमी केला जातो. सुमारे १४८२ साली त्याने मिलान येथील सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्याकडे नोकरी मागण्यासाठी हे पत्र सिद्ध केले. ज्याची चित्रे आज जग पाहते, त्या माणसाने या पत्रात प्रथम हलके व मजबूत पूल, मग वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याची युक्ती, तोफा, आच्छादित गाड्या यांची एकेक करून माहिती दिली आहे. शांततेच्या काळात इमारती बांधणे व पाणी वाहून नेणे हेही आपल्याला साधते असे तो सांगतो. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. लिओनार्दोला आपली चित्रकला कमी वाटत होती असा याचा अर्थ नव्हे. मिलानच्या अधिपतीला त्या वेळी युद्धाची चिंता होती, हे त्याने ओळखले होते. पत्र वाचणाऱ्याची गरज पाहून त्याने आपल्या गुणांचा क्रम लावला. परिचयपत्रक लिहिण्याची निम्मी विद्या या एका उदाहरणात आली आहे.

शिक्षकांना हा फरक समजण्यास त्यांचे स्वतःचे सेवापुस्तक उपयोगी पडेल. सेवापुस्तकात नेमणूक, बदली, वेतनवाढ, रजा असे सर्व काही कालक्रमाने येते. त्यातील काहीही गाळता येत नाही आणि प्रत्येक नोंदीस सही लागते. परिचयपत्रकात मात्र निवड करावी लागते. एक गोष्ट दोहोंत समान असली पाहिजे : जे सिद्ध करता येणार नाही ते लिहावयाचे नाही. निवड आणि सत्य यांचा मेळ घालणे हेच येथील खरे कौशल्य आहे. दुकानदाराकडून ते होणे शक्य नाही, कारण तो मुलाला ओळखत नाही. शिक्षक ओळखतो.

सर्वच ठिकाणी या कागदाचा उपयोग होतो असे मात्र कोणी समजू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागावयाचे तर २०१७ साली सुरू झालेली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि पवित्र संकेतस्थळ यांतूनच जावे लागते. तेथे गुण पाहिले जातात, परिचयपत्रकाची सुबकता नव्हे. रेल्वे, पोलीस, तलाठी या भरत्यांचेही तेच. ज्या खाजगी संस्था मुलाखतीसह भरतीचा मार्ग निवडतात, ज्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहेत, जळगावचे ठिबक व प्लॅस्टिक नळ्यांचे कारखाने, डाळमिल्स, पतसंस्था, दवाखाने, केळीचे व्यापारी व निर्यातदार आहेत, तेथे मात्र मुलाच्या अगोदर त्याचा कागद जाऊन पोहोचतो. बोलावणे येणार की नाही हे त्यावर पुष्कळसे अवलंबून असते.

आता सावद्याचीच गोष्ट घेऊ. रावेर-यावल हा भाग केळीचा. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सावदा स्थानकावरून केळीच्या वाघिणी उत्तरेस दिल्लीकडे गेल्या, ट्रक तर अहोरात्र जातात आणि अलीकडे खोक्यांत बंद होऊन हा माल आखाती देशांपर्यंत पोहोचतो. या व्यवहारात येथील शेकडो मुले शिकता शिकता काम करतात. परंतु त्यांपैकी एखाद्यास "आजवर काय काम केले?" असे विचारल्यास तो मान खाली घालून "काही नाही, केळीच्या गाडीवर होतो" एवढेच सांगतो, आणि परिचयपत्रकात 'अनुभव' या मथळ्यापुढे 'नाही' असे लिहितो. वस्तुतः त्याने दोन हंगाम कापणीपासून माल भरण्यापर्यंत सर्व पाहिलेले असते. घडाच्या फण्या कशा सोडवाव्या, कोणती फणी निर्यातीच्या खोक्यात जाईल व कोणती बाजूस काढावी, वजनाची नोंद कशी ठेवावी, चालकाकडे कोणते कागद द्यावे, मजुरांची हजेरी व हिशेब कसा मिटवावा, हे त्याला येते. यापैकी एकही गोष्ट कोणत्याही महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेवर नाही.

शिक्षकाने अशा मुलास समोर बसवून केवळ प्रश्न विचारावेत. दिवसाला किती खोकी भरली जात? हजेरी किती माणसांची? नोंद वहीत की मोबाइलवर? चूक झाली तर कोणाला जबाब द्यावा लागे? उत्तरे आपोआप वाक्ये होतात. "केळीच्या गाडीवर होतो" याऐवजी "केळीच्या पॅकिंगगृहात दोन हंगाम, प्रतवारी, वजनाच्या नोंदी व रोजच्या हजेरीचे काम" अशी ओळ तयार होते. पुढे मुलाने सांगितलेली मजुरांची व खोक्यांची खरी संख्या घालावी. संख्या आली की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. मात्र ती फुगविलेली असली तर मुलाखतीच्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते. केळीच्या धंद्यातले व्यापारी ऐकीव माणूस व पाहिलेला माणूस यांतला फरक फार लवकर ओळखतात.

दुसरे उदाहरण शाळेच्या आवारातलेच आहे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली आणि अनेक सुशिक्षित तरुण-तरुणी जिल्हा परिषदेच्या शाळांतून प्रशिक्षणार्थी म्हणून आल्या. शिक्षणानुसार सहा, आठ किंवा दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन होते आणि प्रारंभीचा काळ सहा महिन्यांचा होता. त्यांनी वर्ग सांभाळले, ऑनलाइन माहिती भरली, मुलांच्या हजेरीच्या नोंदी केल्या, वाचनात मागे असलेल्या मुलांना घेऊन बसल्या. मुदत संपल्यावर हाती काय राहिले? काम समाधानकारक होते असे एका ओळीत सांगणारे प्रमाणपत्र. ते देणाऱ्याने ते खरेच दिले. पण "समाधानकारक" या शब्दातून ती मुलगी सकाळी अकरा ते पाच काय करीत होती याचा बोध कोणास होणार? पुढे हीच मुलगी एखाद्या खाजगी शाळेत गेली आणि तिच्या कागदावर केवळ योजनेचे नाव असले, तर तिचे ते महिने वाया गेल्यासारखेच. ज्या मुख्याध्यापकांच्या शाळेत असे प्रशिक्षणार्थी होते, त्यांनी तिच्याकडून प्रत्यक्ष कामांची चार-पाच वाक्ये लिहवून घ्यावीत, ती खरी असल्याची स्वतः खात्री करावी आणि संदर्भासाठी आपले नाव व शाळेचा पत्ता देण्यास अनुमती द्यावी. यास खर्च काही नाही. फार तर अर्धा तास जाईल.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. लग्नानंतर सावद्यास आलेली, डी.एड. झालेली मुलगी "घरीच असते" असे म्हणते. चौकशी केली म्हणजे कळते की ती गल्लीतल्या मुलांचे गणित घेते आणि बचतगटाची वही तिच्याच हाती आहे. कागदावर चार वर्षे कोरी दिसतात, प्रत्यक्षात ती कोरी नाहीत. ही वर्षे लपवू नयेत व त्यांबद्दल क्षमाही मागू नये. जे केले ते सनांसह लिहावे. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी लिहून घेतली म्हणून राहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. शैक्षणिक पात्रतेच्या कोष्टकात त्यांचे पान रिकामेच राहिले असते. आणि २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने पदव्या देत आहे. लिहून घेणारे कोणी भेटले, हा तेथला मुख्य मुद्दा आहे.

मजकूर सिद्ध झाल्यावर साधनांकडे वळावे, त्याआधी नव्हे. हा क्रम मुद्दाम सांगावा लागतो, कारण तरुण मुले प्रथम सुंदर नमुना शोधतात आणि मग त्यातील रिकाम्या चौकटी भरण्यासाठी मजकूर जुळवितात. चौकट मोठी असली की वाक्य ताणले जाते, लहान असली की महत्त्वाची गोष्ट कापली जाते.

विनामूल्य साधनांत गूगल डॉक्स हे सर्वांत सोयीचे. बहुतेक मुलांचे गूगल खाते मोबाइलमुळे आधीच असते. संगणकावर त्याच्या नमुन्यांच्या दालनात परिचयपत्रकाचे काही तयार आराखडे मिळतात; 'स्विस', 'सेरिफ', 'कोरल' अशी त्यांची नावे आहेत. त्यांतला कोणताही चालेल. पानाचा आकार ए-४, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, आहे याची खात्री करावी. काही वेळा अमेरिकन आकार आपोआप घेतला जातो आणि आपल्याकडील कागदावर छापताना मजकूर सरकतो. ज्या शाळेत संगणक आहे पण इंटरनेट खात्रीचे नाही, तेथे लिब्रेऑफिस हे साधन बसवून ठेवावे. ते २०१० पासून विनामूल्य उपलब्ध आहे व जोडणी नसतानाही चालते. तिसरे साधन कॅन्व्हा. २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या या संकेतस्थळावर नमुन्यांची रेलचेल आहे. त्यात ज्या चित्रावर वा नमुन्यावर मुकुटाची खूण असेल तो पैसे देऊन घ्यावयाचा असतो. खूण नसलेले विनामूल्य. शाळेतील शिक्षकांना पडताळणीनंतर त्याची शिक्षणासाठीची आवृत्ती फुकट मिळते, आणि ती तक्ते व निमंत्रणपत्रिका यांसाठीही कामी येते.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. "फुकट परिचयपत्रक बनवा" असे म्हणणारी काही संकेतस्थळे सर्व माहिती भरून घेतात, पान सजवून दाखवितात आणि ते उतरवून घेण्याच्या क्षणी पैसे मागतात. तोवर मुलाचा अर्धा तास खर्च झालेला असतो आणि त्याची सर्व माहितीही देऊन झालेली असते. तसेच दुकानात केलेल्या कागदाचे. पैसे थोडेच लागतात, पण मूळ फाइल दुकानदाराच्या संगणकात राहते. नवा फोन क्रमांक घालावयाचा, एक ओळ बदलावयाची, तरी पुन्हा तेथेच जावे लागते. म्हणून मुलगा नोकरीच्या जागेप्रमाणे कागद बदलीत नाही; पतसंस्था, शाळा व पॅकिंगगृह या तिन्ही ठिकाणी तोच एक कागद देतो. स्वतःच्या खात्यात स्वतःची फाइल असणे हा विनामूल्य साधनांचा मोठा लाभ आहे. वाचलेले पैसे हा दुय्यम.

सुबकतेविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. सावद्याच्या शेजारीच फैजपूर आहे. तेथे डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींच्या सूचनेवरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी त्या टिळकनगराची सजावट केली आणि ती बांबू व अशाच स्थानिक, साध्या साहित्यातून केली. साहित्य स्वस्त होते म्हणून सजावट हलकी ठरली नाही. प्रमाण, मोकळी जागा व एकसारखेपणा यांमुळे ती लोकांच्या लक्षात राहिली. कागदावरील मांडणीचेही तेच तत्त्व आहे. चारही बाजूंस दोन ते अडीच सेंटिमीटर समास सोडावा. अक्षराचा एकच प्रकार वापरावा. मजकूर अकरा किंवा बारा अंकी, मथळे थोडे मोठे व ठळक. एका मथळ्यास अधोरेखा, दुसऱ्यास रंग, तिसऱ्यास चौकट असे करू नये. नाव सर्वांत वर, त्याखाली एका ओळीत गाव, फोन व ईमेल. मग दोन ओळींत हा कोण व कोणते काम पाहतो. त्यानंतर अनुभव, शिक्षण, येणाऱ्या भाषा व कौशल्ये. अनुभवात अलीकडचे काम आधी. नुकतीच पदवी घेतलेल्या, ज्याला कामाचा अनुभव खरोखरच नाही, अशाने शिक्षण वर घ्यावे. पान एकच. तिशीच्या आतील माणसास दुसरे पान लागते असे क्वचितच घडते.

रंगाची एक सोपी कसोटी आहे : पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढून पाहावी. कार्यालयात कागद जातो तो शेवटी झेरॉक्स होऊनच. फिकट निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे मोबाइलवर मोहक दिसतात आणि झेरॉक्समध्ये नाहीशी होतात. तीच गोष्ट कौशल्याच्या पट्ट्यांची. तयार नमुन्यांत "मराठी" या शब्दापुढे ऐंशी टक्के भरलेली पट्टी असते. मराठी ऐंशी टक्के येते म्हणजे काय? उरलेल्या वीस टक्क्यांत कोणते प्रयोग येत नाहीत? अशा पट्ट्या पाहून हसू येते, परंतु त्या सर्रास दिसतात. "मराठी व हिंदी उत्तम, इंग्रजी वाचता येते, बोलण्याचा सराव कमी" हे वाक्य जास्त खरे आणि जास्त उपयोगी आहे. दोन रकान्यांच्या नमुन्यांपासूनही जपून राहावे. मोठ्या कंपन्यांत असे कागद प्रथम संगणकच वाचून चाळतो, आणि शेजारशेजारचे रकाने तो कधी कधी एका ओळीत मिसळून टाकतो. पडताळा घरीच घेता येतो : तयार झालेल्या पीडीएफमधील सर्व मजकूर नकलून मोबाइलच्या टिपणात चिकटवावा. तेथे तो सरळ क्रमाने वाचता आला तर मांडणी ठीक आहे.

मराठी कागदाच्या अडचणी निराळ्या आहेत, आणि त्या शिक्षकालाच आधी दिसतील. जुन्या दुकानांत अजूनही असे फाँट वापरतात की जे त्या संगणकावर सुंदर दिसतात आणि दुसऱ्या संगणकावर उघडताच निरर्थक चिन्हांची रांग होतात. यास्तव मजकूर युनिकोडमध्येच असावा; देवनागरीला त्यात १९९१ पासून स्थान आहे. फाँटमध्ये मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' अथवा 'तिरो देवनागरी मराठी' हे विनामूल्य व चांगले. दुसऱ्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' मिळतात. २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमाला ज्या वळणाने लिहावी असे ठरले, ती शिकविणाऱ्या शिक्षकाला हिंदी वळणाचा 'ल' कागदावर खटकणारच. कॅन्व्हासारख्या साधनात काही फाँटमध्ये जोडाक्षरे फुटतात. 'विद्यार्थी', 'दुसऱ्या', 'उत्तीर्ण' हे तीन शब्द आधी टंकून पाहावेत. ते नीट उमटले तर बाकीची चिंता करू नये. कागद मराठीत असावा की इंग्रजीत, याचे उत्तर जाहिरात कोणत्या भाषेत आहे यावर सोडावे. मराठी शाळेला मराठीत लिहिलेला, शुद्धलेखनाचा एकही दोष नसलेला कागद देणे हे स्वतःच एक प्रमाणपत्र आहे.

गाळावयाच्या गोष्टींत आधार क्रमांक पहिला. भारतातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिले गेले. परंतु तो बारा अंकी क्रमांक कोणाच्याही हाती पडणाऱ्या कागदावर छापण्यासाठी नाही. नेमणूक झाल्यावर मागतील तेव्हा द्यावा. बँकेचा खाते क्रमांक, जात, धर्म, वडिलांचे उत्पन्न, घराचा संपूर्ण पत्ता यांचेही तेच. मुलींनी तर गावाचे नाव व फोन एवढेच द्यावे, आणि छायाचित्र मागितले असेल तरच लावावे. प्रतिज्ञेचे वाक्य अनावश्यक आहे. खोटे लिहिणाराही ते लिहितोच.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एका क्षणात परिचयपत्रक लिहून देतात. त्यांना बंदी घालण्यात अर्थ नाही. इंग्रजी वाक्य तपासण्यास, लांब मजकूर आटोपशीर करण्यास ती चांगली मदत करतात. पण त्यांना मुलाविषयी काही माहिती नसते, म्हणून ती गुळगुळीत विशेषणे पुरवितात : गतिमान, ध्येयनिष्ठ, संघभावनेने काम करणारा. दहा मुलांच्या कागदांवर हीच विशेषणे आली म्हणजे निवड करणारा दहाही बाजूस ठेवतो. "ध्येयनिष्ठ म्हणजे काय केलेत?" असे कोणी विचारले तर मुलाजवळ उत्तर नसते. हजेरीच्या वहीविषयी विचारले तर असते.

वरच्या इयत्तांना शिकविणाऱ्यांनी हे बीज वर्गातच पेरावे. 'माझा परिचय' हा निबंध मुले पाठ करून लिहितात : माझे नाव अमुक, माझ्या वडिलांचे नाव तमुक, मला आंबा आवडतो. त्याऐवजी सातवीच्या मुलास "गेल्या महिन्यात तू स्वतः केलेली तीन कामे, केव्हा व किती, ते लिही" असे सांगावे. एखादा वाचनालयाची पुस्तके लावल्याचे लिहील, एखादी पोषण आहाराच्या पंगतीत वाढल्याचे. पहिल्या वेळी वाक्ये मोघम येतील. "किती?" असा एकच लाल शेरा देऊन वही परत करावी.

मोठ्यांसाठी महिन्यातील एका शनिवारी, शाळा सुटल्यानंतर, शाळेचा संगणक तासभर मोकळा ठेवता येईल. एका वेळी दोघे-तिघे पुरेत. त्यांनी गुणपत्रिका व प्रमाणपत्रे बरोबर आणावीत, म्हणजे सन व नावाचे स्पेलिंग जागच्या जागी ताडून पाहता येते. मजकूर त्यांनीच टंकावा. शिक्षकाने शेजारी बसावे. फाइलचे नाव 'बायोडाटा नवीन २' असे न ठेवता स्वतःचे नाव व कामाचे नाव असे ठेवावे, पीडीएफ काढावी, एक प्रत छापून हातात द्यावी. उठण्यापूर्वी प्रत्येकाने शाळेच्या संगणकावरून आपले गूगल खाते बंद केले आहे ना, हे तेवढे पाहून घ्यावे.